आर्नोस व्हेलचं चॅपल आणि तुमची फोटोओळ

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिस्टलचा लेख काल सकाळी चहाबरोबर वाचायला घेतला आणि चहा तसाच गार झाला. आर्नोस व्हेल दफनभूमीतल्या राजा राममोहन रॉय यांच्या समाधीवर मराठीत कुणी एवढं लिहितं याचा आनंद आहेच, त्याबद्दल लेखकाचे आभार. समाधीवरच्या दगडी छत्रीबद्दल जे लिहिलंय ते व्यवस्थित आहे, द्वारकानाथ टागोरांनी पुढाकार घेतला, विल्यम प्रिन्सेपने आराखडा केला, राममोहनांना १८४३ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनमधल्या बागेतून इथे आणलं, सगळं बरोबर. पण त्याच पानावर खाली जो दुसरा फोटो छापलाय आणि त्याखाली जी ओळ टाकलीय, ‘दफनभूमीतील पडकं गॉथिक चर्च, आता येथे कॅफे चालतो’, ती वाचून माझं डोकं फिरलं.

एक तर तो फोटो आत्ताचा नाही. दगड काळाकुट्ट, पायऱ्यांवर झुडपं, हे दृश्य दफनभूमी बंद पडली होती तेव्हाचं आहे. २०१० मध्ये सगळं दुरुस्त होऊन पुन्हा उघडलंय, त्यानंतर तुमच्या लेखकाला एक ताजा फोटो मिळू नये? आणि दुसरं म्हणजे ते चर्चही नाही आणि गॉथिक तर बिलकूलच नाही. टोकदार कमानी नाहीत, मनोरा नाही. समोर चार आयोनिक खांब, वर त्रिकोणी माथा, सरळसरळ ग्रीक देवळाचा दर्शनी भाग आहे. चार्ल्स अंडरवूड नावाच्या आर्किटेक्टने हे काम केलं. ही दफनभूमी चालवणाऱ्या कंपनीला ती काढायची परवानगी पार्लमेंटने १८३७ मध्ये दिली, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आली तेच वर्ष, आणि तेव्हा गॉथिकचं खूळ इंग्लंडमधल्या दफनभूम्यांवर अजून स्वार झालं नव्हतं. पुढे १८५० नंतर गावोगावी जी चॅपलं बांधली ती बघा, एकसारखी जोडी, मध्ये कमान, वर टोकदार मनोरा. आर्नोस व्हेल त्याच्या आधीचं आहे म्हणून तर ते वेगळं दिसतं! टेकडीच्या उतारावर झाडं, वळणाच्या वाटा आणि मध्ये ग्रीक-इटालियन इमारती, अशी ती सगळी कल्पना होती.

लेखात ‘दोन चॅपल आहेत, दोन्ही सारखीच’ असंही एक वाक्य आहे. साफ चूक. घंटेचा मनोरा असलेलं इटालियन पद्धतीचं चॅपल अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांचं, आणि खांबांचं ते नॉनकन्फर्मिस्टांचं, म्हणजे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, युनिटेरियन वगैरे, जे चर्च ऑफ इंग्लंडला मानत नाहीत त्यांचं. अँग्लिकनांच्या वाट्याची जमीन बिशपने मंत्र पढून पवित्र केलेली, दुसऱ्यांची तशी नाही, त्यामुळे निरोपाची जागाही वेगळी. मेल्यानंतरही सोवळंओवळं पाळायची पद्धत काही आपल्याकडेच नव्हती. हे लेखात यायला हवं होतं कारण राममोहन रॉय ब्रिस्टलला आले तेच मुळी युनिटेरियन मंडळींकडे, तिथले युनिटेरियन पाद्री लँट कार्पेंटर यांच्याकडे. त्यांची मुलगी मेरी कार्पेंटर, जी १८६६ मध्ये भारतात येऊन मुलींच्या शिक्षणासाठी फिरली, मुंबईलाही आली, तीसुद्धा याच आर्नोस व्हेलमध्ये पुरलेली आहे. तिचं नावही लेखात नाही. आणि मराठी वाचकाला युनिटेरियन म्हणजे काही परके नाहीत हो, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते त्यांच्याच मदतीने. एवढा सरळ धागा हातात असताना तो सोडून तुम्ही कॅफेतल्या केकबद्दल अर्धा परिच्छेद छापला.

पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. ‘आता येथे कॅफे चालतो’ या ओळीत जी इमारत तुम्ही उडवून लावलीत ना, तिथून आम्ही आमच्या भाऊजींना निरोप दिलाय.

माझे मोठे दीर नव्वदच्या दशकात इथे ब्रिस्टलमध्ये वारले. तेव्हा आर्नोस व्हेलचं क्रिमेटोरियम चालू होतं. १९२९ पासून त्या खांबांच्या चॅपललाच जोडून दहनाची सोय केली होती, इंग्लंडच्या या पश्चिम भागातली पहिली. ब्रिस्टलमधल्या किती गुजराती, पंजाबी, बंगाली आणि आमच्यासारख्या मोजक्या मराठी घरांनी आपली माणसं तिथे नेली असतील. आम्ही पोचलो तेव्हा आधीच्यांचं आटपलं नव्हतं, पाऊस लागलेला, सगळे त्या चार खांबांच्या आडोशाला उभे. जाऊबाईंना चक्कर आल्यासारखं झालं म्हणून त्यांनी खांबाला हात टेकला तर हात आणि शालीचा काठ दोन्ही काळे झाले, शंभर-दीडशे वर्षांची काजळी होती ती. अंत्यविधीचं काम दिलेल्या माणसाने आम्हाला बजावून ठेवलं होतं की आत काही करता येणार नाही, पेटी उघडायची नाही, वेळ संपली की निघायचं. आम्ही तुळशीपत्र आणि गंगाजळाचा छोटा गडू पिशवीत लपवून नेला होता, अक्षरशः चोरासारखा. आत गेल्यावर तिथला एक म्हातारा कर्मचारी जवळ आला, पिशवीकडे बघितलं, काही विचारलं नाही, स्वतः पेटीचं झाकण सैल केलं आणि बाजूला जाऊन पाठ करून उभा राहिला. पुतण्याने तोंडात पाणी घातलं, तुळस ठेवली. मग त्याच माणसाने पोराला हाताला धरून मागे नेलं आणि बटण त्याला दाबू दिलं, म्हणाला, तुमच्याकडे मुलगाच करतो ना हे. त्याला हे माहीत होतं कारण आमच्या आधी कितीतरी घरं तिथून गेली होती.

संपादक साहेब, आता जरा विचार करा. राममोहन रॉय १८३३ मध्ये वारले तेव्हा इंग्लंडमध्ये दहनाची सोयच नव्हती. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मला ख्रिश्चन दफनभूमीत पुरू नका, वेगळी जागा घ्या. म्हणून आधी बागेत आणि मग दहा वर्षांनी आर्नोस व्हेलमध्ये, जी कुठल्या चर्चच्या अंगणातली नव्हती, कंपनीची होती, सगळ्यांसाठी खुली होती. आणि त्यांना तिथे आणल्यावर ८६ वर्षांनी त्याच आवारात, त्यांच्या छत्रीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, अग्नी द्यायची सोय झाली. छत्री आणि ते चॅपल ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. छत्रीवर दोन पानं आणि चॅपलवर एक चुकीची ओळ, हा अन्याय आहे आणि तो आमच्या माणसांवरही आहे.

ती जागा सहज वाचलेली नाही. ऐंशीच्या दशकात मालकाने तिथे बांधकाम करायचं ठरवलं होतं, लोकांनी मोर्चे काढले, १९९८ मध्ये क्रिमेटोरियम बंद झालं, फाटकं बंद करायला निघाले तेव्हा साध्या लोकांनी, ज्यांचे आईबाप तिथे पुरलेले होते त्यांनी, आळीपाळीने तिथे थांबून फाटक उघडं ठेवलं. २००३ मध्ये महापालिकेने सक्तीने जागा ताब्यात घेतली, मग ट्रस्टकडे आली, लॉटरीच्या हेरिटेज फंडातून ४८ लाख पौंड मिळाले. दोन्ही चॅपल आणि फाटकाजवळच्या दोन्ही चौक्या इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींच्या ग्रेड टू स्टार यादीत आहेत. बाथचा तो मधाच्या रंगाचा दगड धुऊन साफ केला, तो मऊ असतो, धूर आणि पाऊस दोन्ही खातो, म्हणून त्याला जपावं लागतं. खांबांच्या डोक्यावरची मेंढ्याच्या शिंगासारखी वळणं आता स्वच्छ दिसतात, भाऊजींच्या वेळी ती दिसतही नव्हती. दहनाची जुनी यंत्रणासुद्धा मोडीत न काढता जपून ठेवलीय, बघायला मिळते.

तुमच्या लेखकाला दफनभूमीत लग्नं लागतात, कॅफे चालतो याचं फार आश्चर्य वाटलंय, ‘इंग्रजांना कशाचंच काही वाटत नाही’ असं लिहिलंय. वाटतं म्हणूनच करतात! ४५ एकर जागा, उतारावरची झाडं, कलणारी थडगी, गळणारी छपरं, हे तिकीट न लावता सांभाळायचं तर पैसा कुठून आणायचा? अँग्लिकन चॅपलमध्ये लग्न लावणारी जोडपी जे भाडं देतात त्यावर छप्पर टिकतं. आपल्याकडच्या वाड्यांचं, समाध्यांचं काय होतं ते मी इथे बसून तुमच्याच पेपरात वाचते, पावसाळा आला की भिंत पडल्याची बातमी. तिथे कोणी चहा विकून भिंत वाचवली तर मी पहिल्यांदा जाऊन चहा घेईन. जाऊबाई स्वतः दर वर्षी भाऊजींच्या तिथीला त्या कॅफेत बसतात, खिडकीतून खांब दिसतात म्हणून. त्यांना ही फोटोओळ मी दाखवलेली नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, त्याच पानावर, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. फोटो नवा टाका. आणि ते चॅपल कोणाचं, कशासाठी बांधलं आणि १९२९ ते १९९८ तिथे काय होत होतं हे चार ओळींत सांगा.

ता. क. हे पत्र तुमच्या वेबसाइटवरून पाठवायचा प्रयत्न केला तर ओटीपी फक्त भारतातल्या मोबाईल नंबरवर येतो. वर्गणीचे पैसे मात्र परदेशातल्या कार्डावरून बिनतक्रार कापता. मग आमचं पत्र घ्यायलाच भारतातला नंबर का लागतो? शेवटी पुण्याच्या भाचीच्या फोनवरून पाठवतेय, तेवढं त्या फॉर्मचंही बघा.

आपली,
एक जुनी वाचक, ब्रिस्टल (मूळ गाव सातारा)