नाल्याच्या पल्याडचे प्लॉट

पोर्टलंड, ऑरेगन
१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न.

सोयाबीनची सोंगणी आटोपली असेल. माय म्हणत होती, शेवटी पावसानं घोळ केलाच. इथंही आता झड लागली आहे, ती मार्चपर्यंत काही हटत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. परवा म्हणालास, "घरकुलवाल्यायले ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर देऊन टाकू प्लॉट, नाल्याच्या पल्याड. गावात कायले गर्दी?" आणि एसटी थांब्याजवळच्या कोंडवाड्याच्या जागेवर निव्वळ गाळे काढायचे. सरपंच तू आहेस. पण थोडं ऐक.

मी राहते त्या शहराच्या अगदी मधोमध पर्ल म्हणून भाग आहे. पूर्वी तिथं रेल्वेचं यार्ड आणि गोदामं होती. १९९७ मध्ये नगरपालिकेनं जमीनवाल्या बिल्डरशी करार केला. त्याला एकरी किमान १५ घरं बांधायची होती. पालिकेनं जुना उड्डाणपूल पाडला की ८७, ट्राम आणली की १०९, बाग केली की १३१. आपण एकरी क्विंटल मोजतो, हे घरं मोजतात! त्याच करारात लिहिलं होतं की या घरांतला एक हिस्सा कमी कमाईच्या लोकांना परवडेल असा हवा. पूल पडला, २००१ मध्ये ट्राम धावली, उंच इमारती झाल्या. परवडणाऱ्या घरांचा आकडा मात्र मागेच राहिला. तरी बरं, कमी पडल्यास जमीन विकत घ्यायचा हक्क पालिकेनं आधीच लिहून ठेवला होता. तो वापरून तिनं एक तुकडा घेतला.

पुढं २०१७ पासून सगळ्या शहरालाच नियम लागला. २० किंवा जास्त घरांची इमारत असेल, तर काही घरं कमी भाड्याची ठेवायची, तीही ९९ वर्षांसाठी. बदल्यात बिल्डरला जादा बांधकाम आणि करात सूट. मग काहींनी १९ घरांच्याच इमारती काढल्या. माणूस इथून तिथून सारखाच, बाप्पा!

पण ज्यांना घर मिळालं त्यांचं बघ. आमच्या हॉस्पिटलात साफसफाईला एक इथिओपियाची बाई आहे. आधी ती शहराबाहेर राहायची. रात्री पाळी सुटली की दोन बस बदलून सव्वा तासानं घरी, तोवर पोरगा झोपलेला. आता तिला अशाच इमारतीत पाचव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. तेच दार, तीच लिफ्ट. शेजारी तिच्या दुप्पट भाडं भरतो. मला कॉफीला बोलावलं होतं. कढईत बिया भाजताना खिडकी उघडली तर खालून ट्रामची घंटा. म्हणाली, आता कामावरून चालत दहा मिनिटं लागतात.

मला तेव्हा शेवंताकाकूच दिसली. तिचं नाव घरकुलाच्या ड यादीत आलंय ना? निंदाले जायचं तर सकाळी थांब्यावर उभं राहावं लागतं, ऑटो तिथूनच भरते. रेशन इकडे, अंगणवाडी इकडे. नाल्याला पूर आला की पल्याडच्या पोरांची शाळा बुडणार, हे तुला सांगायला नको. आपली बैलबंडी एकदा वाहत गेली होती. वर घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. त्यात रेती, गिट्टी ट्रॅक्टरनं नाल्यापार न्यायलाच किती जातील, तूच हिशेब कर.

गाळे काढू नको असं मी म्हणत नाही. ग्रामपंचायतीला उत्पन्न लागतंच. रस्त्याच्या तोंडाला गाळे काढ, मागची बाजू घरकुलाच्या प्लॉटांना ठेव. फक्त एकाच ठरावात लिही: प्लॉट किती, कोणते, आणि त्यांची आखणी झाल्याशिवाय गाळ्यांचा लिलाव नाही. गाळे आधी गेले की मागची जागा कोणाची कधी होईल, तुलाही कळणार नाही. गाळेवाले दुसऱ्याच महिन्यात तिथं टिन ठोकतात.

वहिनीला सांग, तिनं दिलेली जवसाची चटणी संपत आलीय, पुरवून पुरवून खातेय. मायच्या गुडघ्याचा एक्स-रे काढ, पुढच्या हप्त्यावर ढकलू नको.

ग्रामसभेच्या आधी ठरावाच्या कागदाचा फोटो मला पाठव. रात्री दोनला आला तरी मी वाचीन.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच