नवापूरच्या अंडीवाल्या आप्पांना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

रिकामे ट्रे नेताना तुम्ही दर खेपेला विचारता, "मास्तर, एवढ्या अंड्यांचं करता काय?" आणि उत्तर घाईत राहून जातं. आभार मानायचे तर आधी ते द्यायला हवं.

नवी रक्तवाहिनी फुटते कशी, हे आम्ही पोरांना तुमच्या अंड्यांत दाखवतो. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या बारीक वाहिनीच्या अस्तराला तो सांगावा पोचतो. अस्तरातल्या सगळ्याच पेशी पुढे धावल्या तर नळीच उरणार नाही. म्हणून जिला सांगावा जास्त लागला ती टोकाला जाते, बोटांसारखे धागे काढून वाट चाचपते आणि अंगावर डेल्टा-लाइक ४ हे प्रथिन वाढवते. शेजारणीच्या अंगावरचं नॉच नावाचं प्रथिन त्याला भिडलं की शेजारीण व्हीईजीएफ ओळखणारे आपले ग्राही कमी करते आणि मागे राहून नळी लांबवते. केळीच्या बुंध्याशी आपण एक पील ठेवून बाकीचे कापतो. इथे कोयता पेशींच्याच हातात. नॉच बंद पाडलं तर टोकं भरमसाट फुटतात, जाळं दाट दिसतं, पण त्यातून रक्त नीट वाहत नाही. ठिबकच्या लॅटरल नळ्या दाट अंथरल्या आणि ड्रिपरला दाबच नाही, तसं.

हे बघायची जागा म्हणजे कवचाखालचा, गर्भाच्या रक्तवाहिन्यांचा पडदा, आमच्या बोलीत कॅम. १९७१ साली जुडा फोकमन या अमेरिकी सर्जननी कर्करोगाची गाठ वाढायला नव्या वाहिन्या लागतात असं मांडलं, तेव्हापासून या पडद्याला फार मागणी आली.

अंडी आली की १२ तास तशीच ठेवतो, मग ३७.५ अंशांवर आणि ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत. तिसऱ्या दिवशी निमुळत्या टोकाकडून सुई तिरपी खाली घालून ३ मिली पांढरं काढतो, म्हणजे वर पोकळी होते आणि पडदा कवचाला चिकटून राहत नाही. सिरिंजमध्ये पिवळं आलं तर ते अंडं बाद. मग कवचात सेंटिमीटरभर खिडकी, वर टेप, आणि त्यानंतर अंडं फिरवायचं नाही. आठव्या दिवशी पडद्यावर फिल्टर पेपरची ५ मिलिमीटरची चकती ठेवतो, काहींवर व्हीईजीएफ, काहींवर नुसतं सलाइन. ७२ तासांनी व्हीईजीएफच्या चकतीकडे वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या वळलेल्या दिसतात. सलाइनवाली गप्प राहायला हवी.

खरी मेख त्या गप्प चकतीतच आहे, आणि तिथेच तुमचे उपकार. खिडकी कापताना कवचाचा चुरा पडद्यावर पडला तरी सूज येते. सुजेतल्या पेशीही व्हीईजीएफ सोडतात आणि सलाइनभोवती खोट्या आऱ्या उमटतात. धुतलेल्या अंड्याचं तेच: वरचा थर जातो, छिद्रांतून जंतू आत शिरतात. तुम्ही अंडी न धुता, फक्त घाण पुसून देता. रुंद टोक वर, तारीख पेन्सिलीने.

दुकानातली अंडी आम्हाला चालत नाहीत, त्या कळपात कोंबडाच नसतो. तुम्ही दहा कोंबड्यांमागे एक राखता.

आणि उन्हाळ्याची गोष्ट तर वेगळीच. २० अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो. खान्देशातल्या मे महिन्यात दुपारच्या टेम्पोत काही अंड्यांतला गर्भ थोडा वाढतो, काहींतला मरतो, आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवताना वय कुणाचंच जुळत नाही. आठव्या दिवसाचं अंडं खरंच आठव्या दिवसाचं नसेल तर वाहिन्या मोजून उपयोग काय? तुम्ही १६ अंशांच्या खोलीत ठेवून, सात दिवसांच्या आतली अंडी रात्रीच्या गाडीने पाठवता. त्यासाठी ड्रायव्हरदादांचेही आभार. खड्ड्यांत गाडी हळू घेतात, नाहीतर हवेची पिशवी सुटते.

पुढच्या खेपेला ३६ पुरेत. जमल्यास पांढऱ्या कवचाची द्या, दिव्यावर धरली की आतलं सरळ दिसतं. सहा ट्रे परत धाडतो आहोत, त्यातल्या एकाचा कोपरा आमच्याकडेच तुटला.

आपले,
प्राणिशास्त्र विभागातले सगळे, जळगाव