‘रँडम’ बटण दाबले म्हणून प्रवेशिका बाद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात नुकत्याच झालेल्या एका आंतरमहाविद्यालयीन संगीत-संयोजन स्पर्धेत एका विद्यार्थिनीची प्रवेशिका ‘वाद्याचा आवाज संगणकाने तयार केला आहे’ असा शेरा मारून बाद करण्यात आली. ती माझ्याकडे ध्वनिमुद्रण शिकते, त्यामुळे मी अगदीच तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. तरीही हा शेरा गैरसमजातून आला आहे, असे माझे मत आहे.

तिने वापरलेल्या लॉजिक प्रो या संगीत-सॉफ्टवेअरमधील ईएस-टू सिंथेसायझरला (आवाज घडवणाऱ्या आभासी वाद्याला) ‘आरएनडी’ म्हणजे ‘रँडम’ असे एक बटण आहे. ते दाबले की ऑसिलेटर (मूळ ध्वनिलहर काढणारा भाग), फिल्टर (तिचा काही अंश गाळणारा भाग) वगैरेंची मूल्ये यदृच्छया बदलतात. मात्र ती किती बदलावीत हे शेजारच्या पट्टीवर आणि कोणती बदलावीत हे एका यादीतून वाजवणाराच ठरवतो. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या संगीत-सॉफ्टवेअरमध्येही २०२१ साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून मॅक्रो नॉब (एका फिरवणीत अनेक मूल्ये बदलणाऱ्या कळा) असे एकदम विस्कटता येतात आणि हवा तो नॉब त्यातून वगळता येतो. यात कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नाही, नुसते फासे टाकणे आहे. अमेरिकी संगीतकार जॉन केज १९५१ साली नाणी उडवून स्वररचना ठरवत होते, तेव्हा त्यांच्याकडे संगणकही नव्हता.

फासे टाकून आयता आवाज मिळतो, हा समज तर साफ चुकीचा आहे. मिडी या, संगणक आणि वाद्ये जोडणाऱ्या संकेतपद्धतीच्या मापात एका नॉबला ० ते १२७ अशी १२८ मूल्ये असतात. केवळ चार नॉब धरले तरी २६ कोटी ८४ लाखांहून अधिक जुळण्या होतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात. ती धूनसाठी आवाज शोधायला बसली त्या संध्याकाळी तिने पट्टी पूर्ण वर नेऊन बटण दाबले, तेव्हा रेझोनन्स (फिल्टरचा घुमारा) इतका चढला की शिट्टीने दचकून तिने हेडफोनच काढून ठेवला. पुढच्या दोन-तीन वेळा काहीच ऐकू आले नाही, कारण अटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) एवढा लांबला होता की आवाज उमटण्याआधीच बोट उचलले जाई. मग पट्टी अगदी खाली आणून ती थोडे थोडे बदलत गेली. एक चांगला आवाज सेव्ह न करताच पुन्हा बटण दाबल्यामुळे हातचा गेला (हे माझेही अनेकदा झाले आहे). अखेर पितळी परातीच्या काठावर कोणी नख ओढावे तसा एक आवाज लागला. त्याचा फिल्टर तिने हाताने उतरवला, पुढच्या मात्रेवर सांडू नये म्हणून रिलीज (बोट उचलल्यावर आवाज विरण्याचा वेळ) आखूड केला आणि मगच तो धूनमध्ये घेतला.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजता झंकार) लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नवीन वाटू नये. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत कारागीर ऐकत राहतो. नेमका कुठे आवाज खुलेल हे त्यालाही आधी सांगता येत नाही, पण खुलला की तो थांबतो. तो आवाज दोऱ्याने तयार केला, असे कोणी म्हणत नाही.

खटकते ते वेगळेच. याच स्पर्धेत तयार प्रीसेट (आधीच घडवून दिलेले आवाज) वापरण्यास मुभा होती. १९८३ च्या यामाहा डीएक्स-सेव्हन या सिंथेसायझरवर आवाज घडवणे इतके किचकट होते की अनेकांनी कंपनीने भरून दिलेल्या आवाजांवरच काम भागवले, आणि तेच आवाज त्या काळी गाण्यागाण्यांतून ऐकू येत राहिले. कंपनीने घडवलेला आवाज जसाच्या तसा चालतो आणि स्वतः शोधून, हाताने दुरुस्त केलेला चालत नाही, हा न्याय मला तरी उमगत नाही.

पुढील वर्षी आयोजकांनी प्रीसेट आणि रँडम या दोन्हींविषयीचा नियम प्रवेशपत्रिकेवरच छापावा आणि शंका आल्यास शेरा मारण्यापूर्वी मूळ प्रोजेक्ट फाइल मागवून स्पर्धकाला पाच मिनिटे समोर बसवावे, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, मिरज (जि. सांगली)