गरोदर सिस्टरची नाइट

संपादक महोदय,

गरोदर सिस्टरला नाइट लावली की चर्चा होते ती पाय सुजण्याची आणि दगदगीची. शरीरातल्या घड्याळाचं कुणी बोलत नाही.

पोटातल्या बाळाला रात्र झाल्याचं कळतं ते आईच्या रक्तातून. अंधारात पाझरणारं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वार (बाळाला पोसणारा गर्भाशयातला अवयव) सहज ओलांडतं. बाळ स्वतः ते लयीत तयार करू लागतं जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी. तोवर आईचं मेलाटोनिन, पहाटे चढणारं कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक, अंगाचं तापमान आणि जेवणाच्या वेळा यांवरच त्याची भिस्त. आता रात्रीचे दोन वाजलेत असं समजा. टेबलावर ट्यूबलाइट, केसपेपर, चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं. उजेडानं मेलाटोनिन दबतं. रात्री इन्सुलिन मंद काम करतं, त्यामुळे तीच चार बिस्किटं सकाळपेक्षा साखर जास्त चढवतात, आणि ती साखर थेट बाळाकडे जाते.

2019 मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे 22 हजार गरोदर नोकरदार महिलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक रुग्णालयांत काम करणाऱ्या होत्या. आठव्या आठवड्यानंतर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा अधिक नाइट केल्या, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचं प्रमाण इतरांपेक्षा 32 टक्के जास्त निघालं. अशा नोंदींवरून थेट कारण सिद्ध होत नाही, आणि नाइट करणाऱ्या बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप होतात, हेही खरं. पण उंदरांवरचे प्रयोग त्याच दिशेनं बोट दाखवतात. दर पाच-सहा दिवसांनी त्यांचा दिवस (उजेड-अंधाराची वेळ) सहा तास अलीकडे ओढला, तेव्हा पूर्ण दिवस भरलेली गर्भधारणा 90 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आली. म्हणजे जागरणाइतकीच, कदाचित जास्तच, सतत बदलणारी कामाची पाळी भोवते.

म्हणून रोस्टर लावताना आठवड्याला एकच नाइट ठेवावी, दोन ड्यूट्यांमध्ये किमान 11 तास सोडावेत. हेही किमानच, कारण रात्री आठला सुटलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोलावलं तर कागदावर 12 तास दिसतात. प्रवास आणि घरचा स्वयंपाक वजा जाता झोपेला पाच-सहा उरतात. पाळी बदलायचीच तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमानं. मुख्य जेवण नाइटला निघण्याआधी, मध्यरात्रीनंतर फार तर मूठभर शेंगदाणे किंवा ताक. गरोदरपणातला मधुमेह शोधणारी 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी नाइट उतरल्या उतरल्या करू नये, जागरणानं आकडा फुगू शकतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर ‘ड्यूटीच्या गडबडीत जाणवली नसेल’ म्हणून सोडून देऊ नये, त्याच दिवशी तपासून घ्यावं. झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, गरोदर बाईनं विनंती केल्यास कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, पण ही सोय शेवटच्या अडीच महिन्यांपुरती आहे. रात्रपाळीचा त्यात उल्लेखच नाही. आणि डेन्मार्कच्या नोंदी बोलतात त्या आठव्या आठवड्यापासून. आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत बातमी घराबाहेर जात नाही. मेट्रनला (परिचारिकांच्या प्रमुखाला) कळते तोवर चार-पाच नाइटा होऊन गेलेल्या असतात. तेव्हा कारण न विचारता, वॉर्डात चर्चा न होऊ देता, केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाइट काढून देण्याची सोय रुग्णालयांनी करावी. रिलीव्हर (बदली सिस्टर) मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण ती त्या सिस्टरनं सोडवायची नाही.

– प्रसूती विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका