कुडाळच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आमचा बंद पडलेला सर्व्हर तुम्ही उठवून दिलात, त्यासाठी हे पत्र.

३ जूनच्या निसर्ग वादळात आमच्या दापोली तालुक्यात आंजर्ले, मुरुड, केळशीकडच्या बागा आडव्या झाल्या. आम्ही काही पोरांनी वाडीवाडीत फिरून पडलेल्या माड-पोफळींचे फोटो जमवले आणि भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ठेवले. जुलै संपेपर्यंत बहुतेकांनी ती झाडं तोडून बागा मोकळ्या केल्या होत्या. फोटो गेले असते तर पुन्हा काढायला झाडंच नव्हती.

आणि नेमका तेव्हाच सर्व्हर उठेना. २९ जुलै २०२०ला ग्रब बूटलोडरमधली, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम उठवणाऱ्या प्रोग्राममधली, 'बूटहोल' ही सुरक्षेतली फट जाहीर झाली. तिच्यावरचा पॅच आपोआप बसला आणि पुढच्या रीस्टार्टला काळ्या पडद्यावर 'ग्रब_कॅलॉक' हा ग्रबचाच एक तुकडा सापडत नसल्याची ओळ, खाली 'ग्रब रेस्क्यू', म्हणजे सिस्टिम न उठता ग्रब तिथेच अडकलेला.

सर्व्हरवाल्या कंपनीच्या मदतकक्षाचं एकच पालुपद: रीस्टार्ट करून बघा. एका सल्लागाराने तर सगळं पुसून नवीन मशीन उभारा म्हणून सांगितलं. पुसायच्या आधी आत काय आहे, हे विचारायची तसदीही त्याने घेतली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत. मग डिस्कची प्रत काढलीत, ती दुसऱ्या मशीनला जोडलीत आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी मला एक फोटो पाठवलात. "आधी हा बघा, मग पुढचं." चिऱ्याच्या गडग्यावर पडलेली पोफळ, बुंध्यावर चुन्याने घातलेला आकडा. रेंजसाठी मी घाटीच्या वळणावर भिजत उभा होतो. घरी येऊन बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गडगो आपलोच." त्या रात्री घरात सगळे झोपले. ताई, सर्व्हर त्यानंतर चालू झाला. आमचा जीव त्या फोटोनेच भांड्यात पडला होता.

कारणही तुम्ही न कंटाळता समजावलंत. ग्रबचे मॉड्यूल, म्हणजे त्याचे सुटे भाग, नवे आले, पण डिस्कच्या सुरुवातीला बसलेला त्याचा गाभा जुनाच राहिला, कारण सिस्टिमच्या नोंदीत डिस्कचं नाव 'एसडीए' होतं आणि खरी डिस्क 'व्हीडीए'. जुन्या वाशांवर नव्या मापाची कौलं बसेनात, तसं. ती फट ज्याला चकवते ते सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचीच सिस्टिम उठू देणारी तपासणी, तर आमच्याकडे चालूही नव्हतं. तरी मी चिडून अपडेटच बंद करतो म्हटल्यावर तुम्ही ठाम नाही म्हणालात. पैसे विचारले तर फोनच ठेवलात. अशी माणसं आहेत म्हणून गावाकडे बसून असली कामं करायची हिंमत होते.

आमच्या दुसऱ्या मशीनवरही तुम्ही सांगितलेली नोंद तपासली. तिथेही जुनंच नाव निघालं. रीस्टार्टच्या आधी ते बदलून घेतलं, आणि अपडेट चालूच ठेवले आहेत.

आपला,
आंजर्ल्याचा एक बागायतदार