चिन्मयला हे वाचून दाखवा

ऑन्टारियो, कॅनडा
१४ एप्रिल

ती. आई व ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं खुशाल आहोत. ईशा खुशाल आहे हे वेगळं लिहिते, कारण आई, तुझ्या प्रत्येक फोनमध्ये पहिला प्रश्न तोच असतो. ती शाळेत जाते, पोटभर जेवते आणि नदीकडे जात नाही. बाकी दिनक्रम तुम्हाला पाठ आहे.

इथल्या नदीत मुलगा बुडाल्याची, पुण्याच्या आत्याने ग्रुपवर टाकलेली बातमी खरी आहे. तिच्याखाली लोकांनी जे लिहिलं ते खरं नाही. मुलगा सोळा वर्षांचा, ईशाच्याच शाळेतला, एक वर्ग पुढे. त्याला कोणी पळवलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. 'तिकडे आपल्या मुलांना टिपतात' हे तर कुठून आलं देव जाणे. त्याच्या पणजोबांपासून सगळे याच गावचे. मार्चअखेरीस मित्राच्या घरून रात्री परतताना तो पुलावरून न जाता गोठलेल्या नदीवरून निघाला आणि बर्फ फुटला. पाचव्या दिवशी तो पुलाच्या खालच्या अंगाला सापडला. झालं ते एवढंच, आणि एवढंच असावं हेच गावाला पचत नाहीये.

बाबा, तुम्ही विचारलंत की ज्या बर्फावर गाड्या चालतात तो माणसाच्या वजनाने फुटतो कसा. इथे शिकवतात ते आकडे असे: एकट्याला चालायला १५ सेंटीमीटर जाडी हवी, घोळक्याला २०, स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरला, २५. पण हे आकडे स्वच्छ, निळसर, कडक बर्फाचे. वरचा हिमाचा थर भिजून पुन्हा गोठला की जो दुधी बर्फ होतो, त्याची ताकद निम्मीच धरायची. करडा दिसला तर आत पाणी मुरलेलं असतं, त्यावर पाऊलच ठेवायचं नाही. शिवाय हा हिशेब तळ्याचा. नदीत खालून प्रवाह बर्फ खरवडत असतो. पुलाच्या खांबांभोवती आणि गावाचं सांडपाणी मिळतं तिथे तो सगळ्यात पातळ. मार्चमध्ये आणखी एक घोळ होतो. दिवसा ऊन, रात्री गोठण, असं चाललं की बर्फ उभ्या कांड्यांसारखा सुटा होतो. मोजाल तर जाडी जानेवारीतलीच भरते, पण धरबंध राहिलेला नसतो. जानेवारीत मुलं त्याच वाटेने ये-जा करत होती, म्हणून त्या रात्रीही वाट ओळखीचीच वाटली असणार.

थंडीने माणूस लगेच मरतो हा समजही चुकीचा आहे. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट नावाचे प्राध्यापक स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून हे शिकवतात: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिलं मिनिट धाप लागण्याचं. अंगाला गार पाणी लागताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. ते मिनिट तरलं की हातपाय कामाचे असतात ती दहा मिनिटं. त्यानंतर बोटं वळत नाहीत, पोहणाराही पोहू शकत नाही. शुद्ध हरपायला मात्र जवळपास तास लागतो. म्हणून त्या दहा मिनिटांत ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळायचं, कारण तिकडच्या बर्फाने आपलं वजन नुकतंच पेललेलं असतं. कोपर बर्फावर टेकायचे, पाय मागे आडवे मारत पोटावर वर सरकायचं, आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. उभा राहिला की पुन्हा फुटतो. शाळेत हे सगळं शिकवतात. पण रात्री, एकटं असताना, जड बूट पायात असताना ते आठवणं वेगळं.

'पाच दिवस पोलीस काय करत होते?' हा दादाचा प्रश्न. मी इथल्या शोधपथकात आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून जरा नीट लिहिते.

आई-वडिलांनी मध्यरात्रीनंतर लगेच कळवलं होतं. चोवीस तास थांबावं लागतं ही कल्पना इथेही खोटी आणि आपल्याकडेही. दादा, हे लक्षात ठेव: सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आधी अपहरण धरूनच तपास सुरू करायचा. 'सकाळपर्यंत वाट पाहा, मित्राकडे असेल' असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही. हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात होणारी नोंद, मागायचा. ११२ (तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) हे दोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

शोध घरापासूनच सुरू होतो. माळा, तळघर, गाडीची मागची सीट, सगळं पुन्हा पाहतात, कारण घरच्यांनी पाहिलेलंच असतं आणि तरी सुटलेलं असतं. मग शेवटचा कुठे दिसला ते ठिकाण. मोबाइलवरून फारसं हाती लागत नाही. टॉवरवरून परिसर कळतो, जागा नाही, आणि गारठ्यात बॅटरी झटकन उतरते. कुत्र्यासाठी मुलाचा न धुतलेला कपडा किंवा उशीचा अभ्रा लागतो, तोही घरात चार हात लागायच्या आत बाजूला काढलेला. किनाऱ्यावर माणसं ओळीने चालतात, झुडपांत दोघांमध्ये तीन-चार मीटर, मोकळ्यावर जास्त. काही दिसलं तर उचलायचं नाही. शेजारी रंगीत फीत बांधायची आणि प्रमुखाला हाक मारायची. अधूनमधून सगळ्यांनी एकदम शिट्टी वाजवायची आणि मग पूर्ण गप्प राहायचं, कारण उत्तर आलं तर ते त्या शांततेतच ऐकू येतं.

बिघडलं ते इथे. पहिल्या सकाळी गाव मदतीला लोटलं. चांगल्या मनानेच. पण कोणी येताना नाव लिहिलं नाही की जाताना, आणि नदीकाठचा ओला हिम इतका तुडवला गेला की बर्फाच्या कडेपर्यंत गेलेली एकट्याची पावलं असलीच तर ती पुसली. तीच पावलं सापडती तर रानातला शोध वाचला असता. पाणबुड्यांनाही वाहत्या पाण्यावरच्या बर्फाखाली वाटेल तिथे उतरता येत नाही. प्रवाहाने खेचलं की वर यायला भोकच सापडत नाही. म्हणून बर्फाला भोकं पाडून सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, सोडावं लागतं आणि दोरीला बांधलेला एकेक माणूस उतरवावा लागतो. वेळ त्यात गेला, हलगर्जीपणात नाही.

त्या पाच दिवसांत एक राखाडी व्हॅन जन्माला आली. कोणी म्हणे शाळेबाहेर पाहिली, कोणी म्हणे पुलाजवळ. अशी प्रत्येक गोष्ट तपासावीच लागते, आणि दर वेळी दोन माणसं शोधातून काढून तिकडे लावावी लागतात. मुलगा सापडल्यावरही पोलीस तोंड उघडेनात, म्हणून व्हॅन आणखी मोठी झाली. पण इथे मृत्यूचा प्रकार ठरवणं पोलिसांचं काम नसतं. ते कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी, ठरवतो. ऑन्टारियोत तो डॉक्टरच असतो. नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, किंवा ठरवता न येणारा, या पाचांपैकी एक. आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, तसंच काहीसं. रक्ताच्या तपासण्यांना आठवडे लागतात. तोवर बोलायचं नाही, असा नियम.

आता अपघात म्हणून जाहीर झालंय, तरी लोक दोषी शोधतातच आहेत. कधी तो मित्र, ज्याच्या घरून तो एकटा निघाला. कधी नगरपालिका, पाटी लावली नाही म्हणून. पाटी होती. आपल्या हरणी तलावातल्या बोटीचं आठवून पाहा. १८ जानेवारी २०२४ ला बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हा बडोद्याला राग आला तो रास्तच होता. बोटीत क्षमतेबाहेर माणसं भरलेली आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेटही नाहीत. तिथे जाब विचारायला कोणीतरी होतं. इथे तसं कोणी नाही, आणि हेच त्यांना जास्त जड जातंय असं मला वाटतं. त्या मित्राची आई आता दुकानात यायची बंद झाली आहे. तिच्याशी मुद्दाम बोलावं लागतं.

आई, तू विचारलंस की दुःखाच्या घरी इथे लोक जातात तरी का. जातात, पण आत जात नाहीत. ही रीत मला अजून पुरती उमगलेली नाही, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडे सुतकात चूल पेटत नाही आणि शेजारची पिठलं-भात घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरते. इथे आधी कोणीतरी इंटरनेटवर यादी उघडतं. त्यात तारखा, घरात जेवणारी माणसं किती, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला दूध. तुम्ही तुमचा वार धरायचा आणि काय आणणार ते लिहायचं, नाहीतर सलग चार दिवस चीज घातलेला मॅकरोनीच जातो. पदार्थ अॅल्युमिनियमच्या फेकायच्या ट्रेमध्येच न्यायचा, म्हणजे भांडं परत करायचा व्याप त्या घराला नको. झाकणावर चिठ्ठी: ओव्हन ३५० डिग्री फॅरनहाइट, चाळीस मिनिटं, आत काय काय आहे, फ्रीजरमध्ये टिकेल का. दारात बर्फपेटी ठेवलेली असते, सांगितलेल्या वेळेत त्यात ठेवायचं आणि घंटा न वाजवता निघून यायचं. हो, घंटा न वाजवता! भेटलं तर त्यांना हसून आभार मानावे लागतील, तो त्रास नको, असा विचार. आधी मला हे कोरडं वाटायचं. पण तिसऱ्या आठवड्यातही त्या यादीत जागा मिळत नाही. आपल्याकडे तेराव्यानंतर किती जण येतात, सांग. मी साबुदाण्याची खीर नेणार होते, पण यादीत दूध नको होतं, म्हणून मसालेभात दिला, तिखट कमी करून.

ईशाबद्दल आणखी एक. शाळेने समुपदेशक बोलावले आहेत, तिला हवं तेव्हा वर्गातून उठून जाता येतं. घरी आम्ही 'तो गेला' म्हणत घुटमळत नाही, 'वारला, बुडून वारला' असं सरळ बोलतो. तसंच सांगतात इथे. तेव्हा फोनवर तिच्यासमोर विषय बदलू नकोस, आणि 'तिला इकडे पाठवून दे' हेही म्हणू नकोस. बडोद्यात पाणी नाही का? विश्वामित्रीत तर मगरीही आहेत.

आता दादा, तुझ्यासाठी, आणि हे चिन्मयला वाचून दाखव. वहिनी म्हणाली तो मित्रांबरोबर कॅनॉलवर जातो. तिथलं पाणी संथ दिसतं तेच फसवं. नर्मदेचा मुख्य कालवा माथ्याशी साडेसात मीटरच्या आसपास खोलीचा बांधलाय, म्हणजे चार पुरुष पाणी. कडा काँक्रीटच्या तिरप्या आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळ. उतरताना पाय घसरतो आणि चढताना बोटाला काही सापडत नाही, पट्टीचा पोहणाराही तिथेच दमतो. सिंधरोटला मही नदीत वेगळी भानगड: गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की खोल डोह. कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. एकामागून एक तिघं-चौघं जातात ते असेच. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, वीस मीटर दोरी बांधून त्यांच्या गाडीत असू दे. तेवढा कॅन माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवतो. दोरी नसेल तर ओढण्या, पट्टे, काहीही गाठी मारून. टाकणाऱ्याने आधी स्वतः पालथं झोपायचं. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नये, पोट दाबून पाणी काढू नये, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासात जाते. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, तीस दाब आणि दोन श्वास, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत. चिन्मयला ओरडू नकोस. जाऊ नको म्हटलं तर न सांगता जाईल, आणि कुठे गेला ते माहीत असणं सगळ्यात महत्त्वाचं.

मीनूचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. मुलगा फोनवर बोलला तेव्हा मोकळा वाटला. बाबा, गुजराती घर म्हणून आत्या काय म्हणते ते सोडा. तीन पिढ्या दांडिया बाजारात काढून आपण कितीसे वेगळे राहिलोय? साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे, आणि आत्ता तिकिटांचे भाव ऐकाल तर तुम्हीच नको म्हणाल. मीनू रुसली आहे ते मला माहीत आहे. तिला सांगा, लग्नाला आठवडाभर आधी येते, मेंदीला मीच बसते. हे कितव्यांदा सांगतेय म्हणून तुम्ही हसाल, पण या वेळी मकरंदनेही रजेचा अर्ज दिलाय.

हॉलच्या बयाण्यासाठी दादाच्या खात्यात दीड लाख पाठवले आहेत. उरलेले जूनमध्ये. दागिन्यांचं आत्ताच ठरवू नका, सोन्याचा भाव पाहून बोलू. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन 'लग्नानंतर बघू' करत पुढे ढकलू नका. त्याचे पैसे वेगळे आहेत, हॉलमध्ये घालू नका. तारीख ठरली की कळवा, त्या दिवशी मी रात्रभर फोनजवळ असेन. प्रत्यक्ष नसले तरी.

चिन्मयला आशीर्वाद, वहिनीला नमस्कार.

तुमची,
शुभा

ता. क. दादा, पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की लगेच कळव. मागच्या वेळी बँकेने चार दिवस अडकवले होते.