पीक पोषणाच्या कपाटाबद्दल सरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

मृदाशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर आपण आमच्या गावच्या वाचनालयाला पीक पोषणावरील पुस्तकांचे आणि कात्रणांचे एक कपाट दिलेत, आणि ते शेतकऱ्याच्या हाताला येईल अशा रीतीने स्वतः बसून लावून दिलेत, याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, या कपाटाचा लाभ घेणारी मी एकटी नाही, आणि दुसऱ्या एखाद्या गावच्या वाचनालयाला असेच काही उभे करावेसे वाटले तर त्यांना ते कसे लावले आहे हे कळावे.

शेतीची पुस्तके सहसा पिकांच्या नावांनी मांडलेली असतात. आपण मात्र शेतकरी ज्या अडचणी घेऊन येतो, त्यांच्या क्रमाने कप्पे केलेत: पान पिवळे पडले आहे, मातीचा अहवाल आला आहे, खत आणायला निघालो आहोत. पहिल्या कप्प्यात नत्र (नायट्रोजन), लोह आणि गंधक यांच्या कमतरतेची चित्रे आपण शेजारीशेजारी लावली आहेत, आणि माझ्या मते साऱ्या कपाटात हीच मांडणी सर्वांत मोलाची आहे. नत्र कमी पडले की पीक ते जुन्या पानांतून काढून नव्या वाढीला पुरवते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह तसे हलत नाही, म्हणून शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गंधक कमी असेल तर कोवळे पान शिरांसकट फिकट होते. आमच्या चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, केवडा पडला (पाने पिवळी-पांढरी झाली) की युरियाचे पोते फोडण्याची घाई सगळीकडे होते. जमिनीत लोह असते, परंतु चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही, हे ज्याने त्या चित्रांखाली वाचले, तो आधी पान हातात घेऊन शिरा पाहतो आणि मगच दुकानात जातो. फवारणीसाठी ०.५ टक्के हिराकस (लोह देणारे फेरस सल्फेट) म्हणजे १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम, हे आपण तिथेच शाईने लिहून ठेवले आहे, त्यामुळे टक्क्याचा हिशेब पंपापाशी उभे राहून करावा लागत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी ही शेतीची मार्गदर्शिका पुष्कळांच्या घरी असते, पण तिच्यातील तक्ता वाचता येणे ही वेगळी गोष्ट आहे. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या) उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि १७० किलो पालाश (पोटॅश) या ओळीच्या समासात आपण पेन्सिलीने लिहिले आहे, ‘हे वजन अन्नद्रव्याचे आहे, खताचे नव्हे, आणि हेक्टरचे आहे, एकराचे नव्हे.’ त्याखाली गणित सोडवून दाखवले आहे. एकरी साधारण १६० किलो नत्र आणि ६८ किलो स्फुरद लागते. स्फुरद डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतातून द्यायचे ठरवले, तर त्यात ते ४६ टक्के असल्याने सुमारे १४८ किलो, म्हणजे जवळजवळ तीन पोती डीएपी लागते. त्याच डीएपीतून १८ टक्क्यांच्या हिशेबाने २६ ते २७ किलो नत्रही येते. ते वजा केले की युरिया ४५ किलोच्या साडेसहा पोत्यांत भागतो. न केले तर पावणेआठ पोती लागतात. हा सव्वा पोत्याचा फरक गावात कित्येकांनी त्या समासातूनच शिकून घेतला. नत्र लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) ४० टक्के असे विभागून द्यावे, ही नोंदही तिथेच असल्यामुळे एकूण पोत्यांचा आकडा पाहून कोणी ती एकदम टाकत नाही.

जमीन आरोग्य पत्रिकेच्या, म्हणजे माती तपासणीच्या अहवालाच्या, बारा घटकांविषयीचा कप्पा लहान आहे, पण पुरेसा आहे. लोह ४.५ आणि जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) खाली गेले तर कमतरता समजावी, एवढे आकडे डोळ्यांसमोर असले की अहवाल घडी करून फडताळात पडून राहत नाही. नमुना बांधाजवळून, झाडाखालून किंवा उकिरड्याच्या जागेवरून घेऊ नये, हेही त्यात आहे. आता मुलेच ते मोठ्यांना सांगतात.

कंपन्यांची माहितीपत्रके आपण फेकून दिली नाहीत, वेगळ्या कप्प्यात ठेवलीत, हे मला विशेष आवडले. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार पोत्यावर अन्नद्रव्याचे प्रमाण छापावे लागते, ते आधी वाचावे आणि वर्णन नंतर, अशी चिठ्ठी तिथे चिकटवली आहे. ‘फुटवे जोमदार, कांडी लांब’ असे म्हणणारी निम्मी पत्रके त्या चिठ्ठीपुढे गप्प होतात. (दुकानदार मंडळींना हा कप्पा फारसा रुचलेला नाही, हे आपल्या कानावर आलेच असेल.)

किती खत टाकू, असे कोणी विचारले की आपण आकडा न सांगता कपाटाची किल्ली पुढे करता आणि अहवाल आणायला सांगता. सुरुवातीला काहींना हे कोरडे वाटले होते. पण शेजारच्या रानाचा डोस आपल्या रानाला लागू पडेलच असे नाही, हे त्यातूनच लोकांच्या लक्षात येत गेले, आणि आता मातीचा अहवाल घेऊनच वाचनालयात येणारे वाढले आहेत.

एक विनंती आहे. गावात ठिबकवरचा ऊस वाढला आहे आणि विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खतांविषयीची पाने कपाटात तोकडी पडतात. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खतांबरोबर एका टाकीत कालवू नये, साका धरून ड्रीपर तुंबतात, एवढी एकच नोंद त्या विषयावर आहे. वाचनालयाच्या समितीने नव्या पुस्तकांसाठी रक्कम बाजूला काढली आहे. कोणती घ्यावीत याची यादी आपणच करून द्यावी, आणि शक्य झाल्यास समासातील पेन्सिलही चालू ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनालयाची एक सभासद व ऊस उत्पादक
ता. वाळवा, जि. सांगली